दोन मिनिटे तीस सेकंद

पिंप्राळा, जळगाव
२ डिसेंबर २०२४

मंदा,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसते नाव लिहिले. तू किरणची बायको झालीस तेव्हापासून माझ्यापुढे डोक्यावरचा पदर खाली घेऊन गप्प राहायचीस, कारण मी जेठ, किरणचा थोरला भाऊ. त्याआधी तू वनामामांची मंदा होतीस आणि मला भाऊ म्हणायचीस. तुझा पत्ता तुझा भाचा समाधान याच्याकडून घेतला. जामनेरला बाजार समितीजवळ तुझी खानावळ आहे, एवढे त्याने सांगितले. फोन नंबर मात्र दिला नाही. "काका, आत्या तुमचा आवाज ऐकला की फोन ठेवेल. लिहून पाठवा," म्हणाला.

तुझ्या लेकीविषयी, हर्षालीविषयी लिहितो आहे. ती ठीक आहे. हे आधी लिहिले, म्हणजे पुढचे नीट वाचता येईल.

किरण २००९ साली सोनगीरजवळ हायवेवर अपघातात गेला, हे तुला कळले असणार. पोर अकरा वर्षांची होती. तेव्हापासून ती आमच्याकडे पिंप्राळ्यात वाढली. मला आप्पा म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले. नवरा तेजस, धुळ्याला हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. आपल्या नात्यातला नाही. तिला आता आठवा महिना आहे.

तिचे रक्त लवकर थांबत नाही. नाकातून येते, हिरड्यांतून येते. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली तेव्हा चार पिशव्या रक्त चढवावे लागले, नंतरही दोनदा. दरवेळी प्लेटलेट मोजल्या गेल्या, म्हणजे जखमेवर जमून बूच बसवणारे रक्तातले बारीक कण. दरवेळी ते भरपूर निघाले. मग डॉक्टर अशक्तपणा म्हणायचे आणि लोहाच्या गोळ्या द्यायचे.

धुळ्याच्या डॉ. प्रियल यांनी पहिल्यांदा वेगळे काही केले. वयाने हर्षालीपेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी नमुना मुंबईला पाठवला. मी लॅबवाला, म्हणून मला म्हणाल्या, "काका, तुम्ही आयुष्यभर संख्या बघितली. संख्या पुरी आहे. पण या एकमेकींना धरतात का, ते बघायला हवं होतं." हर्षालीच्या प्लेटलेट एकमेकींना धरत नाहीत. धरण्यासाठी त्यांच्या अंगावर जो आकडा, म्हणजे हूक, असावा लागतो, तो जन्मापासून तयारच होत नाही.

आता मुद्दा. बाळंतपणात तिला दुसऱ्याच्या प्लेटलेट द्याव्या लागतील. पण आधी इतके रक्त चढवले गेले आहे, की तिचे शरीर परक्या प्लेटलेट ओळखून मारून टाकते. त्यामुळे अगदी जुळणारा दाता पाहिजे. माझे वय चौसष्ट, दाता म्हणून मी चालत नाही, आणि जुळतही नाही. तिला सख्खे भावंड नाही. डॉ. प्रियल म्हणाल्या, आई बघा. आई-वडील आते-मामे भावंडे असल्यामुळे आईचे जुळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. मुंबईहून एक इंजेक्शनही मागवले आहे, पण तेवढ्यावर विसंबायची त्यांची तयारी नाही.

जुन्या रिपोर्टांची फाइल त्यांनी चाळली. त्यांना एकदोन शंका होत्या, त्या महत्त्वाच्या नाहीत. नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहितो, की २००१ साली तिचे रक्त मीच तपासले होते. त्या वेळी ज्या तपासण्या होत असत त्या सर्व केल्या होत्या. त्यात दोष आढळला नव्हता.

जामनेरहून धुळ्याला सकाळची एसटी आहे. रक्ताचा नमुना द्यायला अर्धा तास लागेल.

चुडामण


पिंप्राळा
१३ डिसेंबर २०२४

मंदा,

काल समाधानचा फोन आला. तू पत्र वाचलेस असे कळले. येणार की नाही हे त्याने सांगितले नाही. तुझा प्रश्न तेवढा वाचून दाखवला, तू लिहून दिलेला असावा: पोरीला माझ्याबद्दल काय सांगितलं आहे?

उत्तर देतो. तिला असे सांगितले गेले, की तुझी आई तापट होती, तुला मारायची, म्हणून घरातल्यांनी तिला माहेरी पाठवले. हे आईने सांगितले, म्हणजे तुझ्या आत्याने. आई गेल्यावर हर्षालीने मला एकदा विचारले होते. तेव्हा ती नववीत होती. मी म्हणालो, जुन्या गोष्टी उकरू नये. मी नाही म्हणालो नाही.

तिचे जनुकांचे रिपोर्ट आले. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका जागी बदल आहे, आणि दोन्ही प्रतींत तोच आहे. एक प्रत किरणकडून, एक तुझ्याकडून. एकच प्रत असली तर माणसाला काही होत नाही, आयुष्यभर कळतही नाही. तुला एक असणार, किरणला एक असणार. मी माझेही तपासून घेतले. मलाही एक आहे. माझी आई आणि तुझे वडील सख्खी बहीणभाऊ, तेव्हा ही गोष्ट कापडण्याच्या आजी-आजोबांपैकी कोणाकडून तरी खाली आली. आईची एक थोरली बहीण दात पडला आणि वाहून वाहून मेली, असे आई सांगायची, आठवते का? कोणाची तरी नजर लागली होती, असे शेवटी जोडायची. लग्न ठरले तेव्हा आईच म्हणाली होती, की भावाची पोर घरात आली की घरचे घरात राहते. तसेच झाले.

बाळाला एक प्रत मिळेल. तेजसचे तपासले, त्याच्यात काही नाही. बाळाची काळजी नाही.

तर मांड्यांवरचे ते काळेनिळे डाग चिमट्याचे नव्हते. मारल्याचेही नव्हते. त्या वयात खाटेवरून उतरताना कड लागली तरी तिला तसा डाग पडणार होता. हे मी आता शास्त्राने सांगू शकतो.

सोनगीरची ती बैठक मला आठवते. डिसेंबरच होता. ओट्यावर वनामामा, किरण, गावातले दोघे, आणि मी. आई मध्ये उभी राहून म्हणत होती, "पोरना बठ्ठा आंगवर चिमटास्ना डाग शेतस. मन्ही भावनी पोर शे म्हनीसन मी दोन वरीस गप्प ऱ्हायनू." मी रिपोर्ट वाचून दाखवला, की रक्तात काही दोष नाही. वनामामांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "छापेल शे. कागद कोना सोयरा नही." मग त्यांनी तुला गाडीत बसायला सांगितले. हर्षालीला आईने कडेवर घेतले होते.

तू दाराच्या आतून काहीतरी विचारले होतेस. मला ते नीट ऐकू आले नाही.

बाळंतपण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ठरेल. जुळते का हे पाहायलाच तीन-चार आठवडे लागतात. काढलेल्या प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे दात्याला त्या आठवड्यात धुळ्यात असावे लागेल.

चुडामण


पिंप्राळा
२४ डिसेंबर २०२४

मंदा,

समाधान सोमवारी इकडे आला होता. कांदे घेऊन बाजारात आला होता म्हणाला, पण निरोप द्यायलाच आला होता. चहा घेतला नाही. म्हणाला, "आत्या म्हणते, चिमट्याचं शास्त्र मला नका सांगू. मी मारलं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तिच्या रक्तात काही नाही, असं कशावरून लिहिलं होतं, ते सांगा."

मग निघताना स्वतःच्या वतीने म्हणाला, "काका, तुम्ही फार व्यवस्थित लिहिता हो. वाचताना वाटतं, दुसऱ्याच कोणाचं तरी चाललंय."

मला सदतीस वर्षे रिपोर्ट लिहिण्याची सवय आहे. वेगळे लिहिता येत नाही. तरी लिहितो.

पहिल्या पत्रात मी लिहिले, की सर्व तपासण्या केल्या होत्या. ते खरे नाही. प्लेटलेट मी मोजल्या होत्या. त्या काळी मशीन नव्हते, काचेवर चौकोन पाहून हाताने मोजायचो. दोन लाख चाळीस हजार. तो आकडा आजही बरोबर आहे. दुसरी तपासणी रक्त थांबण्याच्या वेळेची होती. बोटाला सुई टोचायची, घड्याळ सुरू करायचे, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागद टेकवायचा. कागदावर डाग उमटायचा बंद झाला की वेळ लिहायची. कागद आणि घड्याळ लागते, बाकी काही नाही. पण माणूस अडकून पडतो, आणि बाहेर वीस लोक बसलेले असतात. म्हणून ती तपासणी कोणी करत नसे. ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला ती लिहून दिलेली असायची, आणि प्रत्येकाच्या कागदावर तोच आकडा असायचा: दोन मिनिटे तीस सेकंद. मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला तो आकडा सांगितला होता. सगळे एकसारखे दिसू नये म्हणून कधी दोन पंचेचाळीस लिहायचे, असेही सांगितले होते. लॅबच्या मालक डॉक्टरांच्या सह्या सकाळीच करून ठेवलेल्या असत. माझ्या हातून असे किती कागद गेले याचा हिशेब मी केलेला नाही.

हर्षालीच्या कागदावर मी तोच आकडा लिहिला. माझी पुतणी होती म्हणून वेगळे काही केले नाही. विचार करून लिहिला असता तर कदाचित थांबलो असतो. हात लिहून गेला.

डॉ. प्रियलना जी शंका आली होती ती हीच. फाइल मी तारखेप्रमाणे लावून नेली होती, मला तिचा थोडा अभिमान होता. त्यांनी सर्वांत खालचा कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. "ब्लीडिंग टाइम अडीच मिनिटं? हा कोणी केला?"

"मी."

"काका, हा होऊच शकत नाही. हिचं रक्त अडीच मिनिटांत थांबणं शक्य नाही. तेव्हाही नव्हतं."

हर्षाली बाहेर वजन करायला गेली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि तो कागद परत खाली घालून ठेवला. त्या हुशार आहेत. पुढे विचारले नाही.

हे मी हर्षालीला सांगितलेले नाही. आता नववा लागला आहे. तिचा रक्तदाब वाढू द्यायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. बाळंतपण झाल्यावर सांगेन.

तू नमुना द्यायला गेलीस का, हे समाधानने सांगितले नाही. डॉ. प्रियलही काही सांगत नाहीत. आम्ही धरून चाललो आहोत की दाता नाही. तेजस शाळेतल्या शिक्षकांची यादी करतो आहे. त्याला मी सांगितले, की परक्यांत जुळणे अवघड आहे. तो म्हणाला, "आप्पा, शक्यता शून्य आहे असं तर नाही ना?" गणिताचा माणूस आहे.

चुडामण


पिंप्राळा
६ जानेवारी २०२५

मंदा,

समाधानचा फोन एका वाक्याचा होता. "आत्या म्हणते, बाळंतपण झाल्यावर सांगणार, म्हणजे ती वाचली तर."

मी त्याच दिवशी धुळ्याला गेलो. तेजस शाळेत होता. हर्षाली ओसरीत मेथी निवडत होती. मी तिला जसे घडले तसे सांगितले. डाग, बैठक, कागद, आकडा. मध्ये तिने थांबवले नाही. मेथी निवडत राहिली, पण मग लक्षात आले की ती काड्या भांड्यात टाकते आहे आणि पाने खाली.

सगळे झाल्यावर म्हणाली, "आप्पा, दहावीच्या सुट्टीत मी तुमच्या लॅबमध्ये काचा धुवायला यायचे. तेव्हाही तुम्ही असंच लिहायचात?"

"हो."

"माझ्यासमोर?"

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही किती पटापट लिहिता."

थोड्या वेळाने तिने विचारले, की तू दिसायला कशी आहेस. मला सांगता आले नाही. लग्नाआधीची मंदा मला आठवते, कापडण्याच्या विहिरीवर मोट बंद पडली होती तेव्हा पायऱ्या उतरून पाणी आणणारी. नंतरची मी कधी नीट पाहिलीच नाही. तू माझ्यापुढे पदर घ्यायचीस आणि मी दुसरीकडे बघायचो, तशी रीतच होती. मी म्हणालो, "तुझ्यासारखी." ते खरे आहे की नाही मला माहीत नाही.

मी म्हणालो, की मी तुला बोलावतो आहे. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. "का? मला प्लेटलेट पाहिजेत म्हणून? तेवीस वर्षं पोर पाहिजे की नको हे तिला कोणी विचारलं नाही, आणि आता पिशवी पाहिजे म्हणून बोलवायचं? नका बोलावू. तिला यायचं असेल तर ती येईल. तुम्ही आता एकही शब्द लिहायचा नाही तिला या म्हणून."

"आणि अजून एक," ती म्हणाली. "उद्यापासून माझे रिपोर्ट तुम्ही वाचायचे नाहीत. तेजस वाचेल."

"त्याला त्यातलं कळणार नाही."

"तो डॉक्टरांना विचारेल. न कळणारा माणूस विचारतो तरी."

फाइल तिने माझ्याकडून काढून घेतली. मी पाचच्या गाडीने परत आलो. मंगला, म्हणजे तुझी जाऊ, दारातच म्हणाली, "सांगून आलात ना? मग आता तोंड कशाला पाडता? मी तेवीस वर्षं पाहतेय, हे कधीतरी करावंच लागणार होतं तुम्हाला." तिला माहीत होते. त्या दिवशी ती घरातच होती.

तेव्हा हे पत्र बोलावण्याचे नाही. फक्त तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे: होय, तिला सांगितले. तारीख २० जानेवारी ठरली आहे, हे आधी लिहिले नव्हते म्हणून लिहितो.

चुडामण


पिंप्राळा
११ जानेवारी २०२५

मंदा,

या वेळी तुझा काही निरोप नाही. तरी लिहितो. हे उत्तर तू आता मागितलेले नाही. तेव्हा मागितले होतेस.

मी लिहिले होते, की बैठकीत तू आतून काय विचारलेस ते मला ऐकू आले नाही. ऐकू आले होते. ओट्यावर सगळ्यांना ऐकू आले. तुला माझ्याशी थेट बोलता येत नव्हते म्हणून तू किरणला म्हणालीस, "भाऊले इचारा, कापूस कितला येळ धरेल व्हता?"

किरणने माझ्याकडे पाहिले. आई म्हणाली, "बाईमानूसनी बैठकमा बोलानं काय काम?" आणि विषय संपला. कोणाला तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

किरण तिला लॅबमध्ये घेऊन आला तो गुरुवार होता. मी बोटाला टोचले, काचेवर रक्त घेतले, संख्या मोजली, रिपोर्ट लिहिला, पाकिटात घालून किरणला दिला. त्याने ते खिशात ठेवले. मग जेवायला म्हणून दोघांना घरी घेऊन आलो. वाटेत स्कूटरवर तिच्या फ्रॉकला रक्त लागलेले दिसले. बोट अजून वाहत होते. मंगलाने फडके बांधले, ते भिजले. मग मी तिला मांडीवर घेऊन कापूस दाबून बसलो. ती रडत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळातल्या लोलकाशी तिचे काहीतरी चालले होते. त्यांची सोनगीरची गाडी दोनची होती, म्हणून माझे लक्ष सारखे त्या घड्याळाकडे होते. नाहीतर मला वेळ कळलाही नसता.

पाकीट किरणच्या खिशात होते. हात पुढे करून मागता आले असते. मनात आले, की नवा रिपोर्ट लिहायचा तर आधीचा खोटा ठरतो. आणि तो एक खोटा ठरला तर बाकीचे कोणते खरे, असे डॉक्टर विचारतील. मी नोकरीचा विचार केला. खोटे वाटेल, पण मंदा, त्या वेळी तुला घालवतील असे मला वाटले नव्हते. दोन दिवसांनी बैठक बसली तेव्हा कळले, आणि तेव्हा मी तोच कागद उभा राहून वाचला.

तिची मूठ तिने जाताना बंद ठेवली होती. कापूस घरी घेऊन गेली असणार. तू तो पाहिला असणार, म्हणून तू विचारलेस.

कापूस एक तास दहा मिनिटे धरला होता.

चुडामण


धुळे
२४ जानेवारी २०२५

भाऊ,

तुमची पाचही पत्रं मिळाली. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, समाधान शुद्धलेखन बघतोय.

हर्षालीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हे आधी लिहिलं, तुमच्यासारखंच.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी धुळ्याला जाऊन रक्त देऊन आले होते. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी आले होते हे घरात कोणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, नाही सांगणार. जुळतंय हे सात तारखेला कळलं. त्यांनी हर्षालीला एवढंच सांगितलं, की दाता मिळाला, नाव सांगायचं नाही. तिने ते तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही तिचे कागद बघत नव्हता.

म्हणजे तुम्ही काहीही लिहिलं असतं, न लिहिलं असतं, तरी मी आलेच असते. पोर माझी आहे. पण हे तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही पहिल्या पत्रावरच थांबला असता. मला तुम्हाला लिहू द्यायचं होतं.

अठराला आले. एका हातातून रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, पिवळं पाणी पिशवीत घेतात आणि बाकीचं परत सोडतात. दीड तास पडून राहिले. खानावळ उघडल्यापासून दिवसा इतकी कधी पडले नव्हते. मग तिच्या खोलीत गेले. हातात डबा होता, शेवभाजी आणि भाकरी. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, आम्ही डबा सांगितलेला नाही."

मी म्हटलं, "माहितीये. तरी आणलाय."

मग तिने माझ्या दंडाची पट्टी पाहिली. पुढचं तुम्हाला लिहायची गरज नाही.

बाळंतपणात रक्त गेलं, पण माझ्या दोन पिशव्या आणि ते इंजेक्शन दिल्यावर थांबलं. डॉक्टरीणबाई रात्रभर घरी गेल्या नाहीत. त्यांना मी भाकरी खाऊ घातली. त्या लसूण खात नाहीत, त्यांना वेगळी भाजी केली.

तुमच्या पत्रांतलं बाकी सगळं मला माहीत होतं, भाऊ. रिपोर्ट कसा लिहिला असेल हे नसेल माहीत, पण खोटा आहे हे माहीत होतं. तिच्या मुठीतला कापूस मी दोन दिवस, बैठकीपर्यंत, जपून ठेवला होता. आत्याने चुलीत टाकला. मला फक्त ती वेळ माहीत नव्हती. तुम्ही घड्याळ बघितलं असणार, हे मात्र मला तेव्हापासून वाटत होतं. तुम्ही लहानपणापासून घड्याळवालेच.

एक तास दहा मिनिटं. मी अंदाज अर्ध्या तासाचा केला होता.

तुम्हाला माफ केलं का, असं तेजसने विचारलं. भला माणूस आहे, त्याला वाटतं उत्तर हो किंवा नाही असतं. मी म्हटलं, अजून मोजतेय.

हर्षाली विचारते, आप्पा वेळेवर जेवतात का. मी म्हटलं, मला नको विचारू, त्यांना फोन कर. करेल असं वाटतं. तुम्ही आधी करू नका. मंगलावहिनींना मात्र पाठवा, पोरीला तेल लावायला माझ्या एकटीचे हात पुरत नाहीत.

काल बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. सिस्टर कापूस देऊन म्हणाली, "आजी, जरा दाबून धरा." मी धरला. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

अडीच मिनिटं नाही, भाऊ. तीन. मी मोजली आहेत.

मंदा